मुलाची बोलण्याची आणि ऑटिझमची तपासणी: जाण्यापूर्वी आईबाबा विचारतात ते प्रश्न

तपासणीची तारीख ठरली की आईबाबांचे फोन सुरू होतात, ते आदल्या रात्रीपर्यंत. प्रश्न बहुतेक तेच असतात, काळजी मात्र घरागणिक वेगळी. मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि दीड ते पाच वर्षांच्या मुलांमध्येच माझा दिवस जातो. फोनवर घाईघाईत दिलेली उत्तरं इथे जरा सवडीनं लिहिली आहेत.

तपासणीआधी मुलाकडून काय तयारी करून घेऊ?

काहीही नको. खरंच नको.

एका बाबांनी तीन आठवडे फ्लॅश कार्ड घेऊन मुलाकडून प्राणी, रंग, अक्षरं सगळं घोटून घेतलं होतं. मुलानं चित्रांची नावं धडाधड सांगितली. बाबांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढे वीसेक मिनिटांनी त्याला तहान लागली. 'पाणी' हा शब्द त्याला येत होता, चित्र बघून त्यानं तो नुकताच म्हटलाही होता. पण आता त्यानं बाबांचं मनगट धरलं, त्यांच्या तोंडाकडे न बघता तो हात नेऊन बाटलीवर ठेवला, आणि थांबला. आम्हाला जे कळायला हवं होतं ते या दुसऱ्या प्रसंगातून कळलं. मूल शब्द कशासाठी वापरतं, कोणाकडे बघून वापरतं, शब्द नसेल तेव्हा काय करतं, हे आम्ही बघत असतो. पाठांतरानं हे चित्र झाकलं जातं. मग रिपोर्टमध्ये मुलाला लागणारी मदत कमी लिहिली जाते, आणि त्याचा तोटा त्यालाच होतो.

एवढं करा: झोप पुरी होऊ द्या, पोट भरलेलं असू द्या, एक लाडकं खेळणं आणि आवडता खाऊ सोबत घ्या. मुलाला कळत असेल तर 'आपण एका मावशीकडे खेळायला जाणार आहोत' इतकंच सांगा. नव्या जागेला बिचकणाऱ्या मुलाला त्या खोलीचा फोटो आधी दाखवता आला तर उत्तम. 'इंजेक्शन नाही हं' असं मात्र म्हणू नका. त्याच्या मनातही नसतं, ते तुम्ही आठवण करून देता.

मग आमची तयारी काय?

खरी तयारी तुमचीच. तास-दीड तासात आम्हाला दिसेल त्याच्या शंभरपट तुम्ही पाहिलेलं असतं, पण खुर्चीत बसल्यावर ते आठवत नाही. म्हणून आठवडाभर एक वही ठेवा. 'लक्ष देत नाही', 'चिडचिडा आहे' असे शेरे लिहू नका. काय घडलं ते लिहा: 'सकाळी पाच वेळा हाक मारली, एकदा वळला, तेही खाऊच्या डब्याचा आवाज आल्यावर.'

वहीत काय काय हवं?

तो म्हणतो ते सगळे शब्द, जसे म्हणतो तसेच. गाडीला 'दा' म्हणत असेल आणि नेहमी गाडीलाच म्हणत असेल, तर तो शब्दच आहे. जाहिरातीतलं वाक्य जसंच्या तसं म्हणत असेल तर तेही लिहा, आणि कोणत्या वेळी म्हणतो तेही. ऐकलेलं पुन्हा म्हणण्याला एकोलालिया म्हणतात. पालक ते सांगायला संकोचतात, 'ते काय, नुसती पोपटपंची' म्हणतात. पण बऱ्याचदा त्या पोपटपंचीत अर्थ असतो. एक मुलगी दार उघडायचं असलं की 'चला चला, उशीर झाला' म्हणायची. आई रोज घाईत दार उघडताना तेच म्हणे.

हवी असलेली वस्तू कशी मागतो? बोट दाखवतो, रडतो, हात धरून ओढतो की स्वतःच खुर्ची सरकवून वर चढतो? नुसतं दाखवण्यासाठी बोट करतो का, म्हणजे विमान दिसलं की 'बघ' अशा अर्थानं बोट करून तुमच्याकडे वळून पाहतो का? मागण्यासाठी केलेलं बोट आणि आनंद वाटून घेण्यासाठी केलेलं बोट ही दोन वेगळी कामं आहेत. या दुसऱ्या बोटाबद्दल आम्ही खोदून विचारू.

खेळतो कसा? बाहुलीला भरवतो, की गाड्यांची चाकंच फिरवत बसतो? रांग मोडली तर काय होतं? कोणते आवाज, स्पर्श, कपडे, चवी सहन होत नाहीत? चवड्यांवर चालणं, हात फडफडवणं, गोल गोल फिरणं, मिक्सरचा आवाज झाला की कान झाकणं, सगळं लिहा. आणि त्याला काय आवडतं, कशात तो हुशार आहे, कोणाजवळ खुलतो, तेही. नाहीतर वही तक्रारवही होते.

शिवाय गरोदरपण आणि जन्म, बसणं-चालणं-पहिला शब्द यांचे अंदाजे महिने, फिट किंवा वारंवार कान दुखण्याचा इतिहास, चालू असलेली औषधं आणि जुने रिपोर्ट. पाळणाघरात किंवा शाळेत जात असेल तर तिथल्या बाईंकडून चार ओळी लिहून आणा.

एक गोष्ट विचारण्याची वाट न बघता आधी सांगा: आधी येत असलेले शब्द, टाटा करणं किंवा हाकेला ओ देणं नंतर बंद झालं असेल तर. ऑटिझम असलेल्या काही मुलांमध्ये साधारण दीड ते दोन वर्षांच्या सुमारास असं होतं. कोणत्याही वयात आधी येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

मोबाइलवर व्हिडिओ काढून आणले तर चालतात?

चालतात काय, हवेच असतात. पण वाढदिवसाच्या केकचे नकोत. एक ते दोन मिनिटांचे चार-पाच पुरेत: एकटा खेळताना, जेवताना, दुसऱ्या मुलांबरोबर, हाक मारल्यावर, आणि तुम्हाला काळजी वाटते ते वागणं घडताना. कॅमेऱ्यामागून 'बोल ना, सांग ना' करू नका. पहिल्या वाढदिवसाच्या आसपासचे जुने व्हिडिओ असतील तर तेही आणा, त्यांत पुष्कळ सापडतं.

बोलायला उशीर म्हणजे ऑटिझमच का?

नाही. उशिरा बोलण्याची कारणं अनेक: ऐकू कमी येणं, नुसताच भाषेतला उशीर, एकूण वाढीतलाच उशीर, उच्चारांच्या हालचाली जुळवण्यातली अडचण. ऑटिझम हे त्यातलं एक. उलट, ऑटिझम असलेली काही मुलं वेळेवर आणि भरपूर बोलतात.

फरक शब्दांच्या संख्येत शोधू नका. फक्त भाषेत मागे असलेलं मूल शब्दांची उणीव इतर मार्गांनी भरून काढतं. हातवारे करतं, चेहऱ्यानं बोलतं, तुम्हाला ओढून नेऊन दाखवतं आणि तुम्ही पाहिलंत का हे तुमच्या डोळ्यांत बघून तपासतं. ऑटिझममध्ये ही देवाणघेवाणच वेगळी असते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये काढलेल्या डीएसएम-५ या निकषग्रंथात म्हणूनच दोन बाजू आहेत: एक सामाजिक संवाद, दुसरी तेच-ते वागणं, ठरावीक आवडी आणि आवाज-स्पर्श वगैरे संवेदनांना मिळणारा वेगळा प्रतिसाद. निदानासाठी दोन्ही बाजू लागतात. बोलण्यातला उशीर हा त्यात स्वतंत्र निकष नाही. आणि पूर्वी वेगळं धरलं जाणारं अॅस्पर्गर हे निदान तेव्हापासून ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच, म्हणजे ऑटिझमच्या विस्तृत पट्ट्यातच, धरतात.

त्याला ऐकू येतं हो! टीव्हीवरचं गाणं लागलं की पळत येतो. मग कानाची तपासणी कशाला?

हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. गाण्याचा ठेका ऐकू येणं आणि 'स', 'फ', 'क' यांसारखे बारीक ध्वनी नीट ऐकू येणं यांत अंतर आहे. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तर ऐकू येणं दिवसागणिक कमी-जास्त होतं, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही. जन्मानंतरची चाचणी नीट आली असली तरी पुढे फरक पडू शकतो. बोलण्याला उशीर झालेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी व्हायलाच हवी, आणि जमलं तर आमच्याकडे येण्यापूर्वी.

ओएई ही चाचणी काही मिनिटांत होते, कानात छोटीशी नळी ठेवून. बेरा चाचणीत डोक्याला इलेक्ट्रोड लावून आवाजाचा संदेश मेंदूपर्यंत जाताना कसा पोचतो ते नोंदवतात. त्यासाठी मूल शांत झोपलेलं लागतं. म्हणून त्या दिवशी दुपारची झोप चाचणीच्या वेळेपर्यंत पुढे ढकला, गाडीत डुलकी लागू देऊ नका. झोपच लागत नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीत औषध देतात. घरून स्वतःच्या मनानं काही पाजून आणू नका.

'मुलगे उशिराच बोलतात, त्याचे बाबाही चार वर्षांनी बोलले.' थोडं थांबू का?

उशिरा बोललेले बाबा प्रत्येक घरात निघतात. पण त्यांच्याबरोबर उशिरा बोललेल्या आणि मागेच राहिलेल्या मुलांची गोष्ट कोणी सांगत नाही. मुलगे सरासरीनं किंचित मागे असतात हे खरं. तो फरक थोड्या महिन्यांचा असतो, वर्षांचा नव्हे.

वर्षभरात हाकेला ओ न देणं किंवा हातवारे नसणं, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणं, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडले न जाणं, यातलं काहीही दिसत असेल तर दाखवा. तपासून काही निघालं नाही तर एक दिवस गेला. थांबून निघालं तर वर्ष गेलेलं असतं.

एम-चॅट भरली, गुण जास्त आले. म्हणजे ऑटिझम आहे?

एम-चॅट ही चाळणी आहे, निदान नाही. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी पालकांनी भरायचे वीस हो-नाही प्रश्न. दोनपर्यंत गुण म्हणजे धोका कमी, तीन ते सात मध्यम, आठ आणि वर जास्त. मध्यम गुण आले तर तेच प्रश्न उदाहरणं विचारून पुन्हा पडताळायचे असतात, आणि तिथे बऱ्याच मुलांचे गुण उतरतात. इंटरनेटवर घाईत भरलेल्या प्रश्नावलीत ही पडताळणी राहून जाते. शिवाय प्रश्न 'नेहमी करतो का' असा असतो. तुम्ही 'एकदा केलं होतं' यावर 'हो' लिहिलंत, तर चाळणीची भोकं मोठी झाली.

तपासणीत नक्की काय करतात?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, हे तर खेळतच बसलेत! एडीओएस-२ नावाच्या चाचणीत ४० ते ६० मिनिटं ठरवून खेळतात: साबणाचे फुगे, फुगवून सोडलेला फुगा, बाहुल्या, थोडा खाऊ. मुलाच्या वयाप्रमाणे आणि बोलण्याप्रमाणे पाच संचांपैकी एक निवडतात, अगदी धाकट्यांसाठी वेगळा आहे. फुगा सुर्रकन उडाला की मूल नुसतं फुग्याकडे बघतं की हसत आपल्याकडेही बघतं, असली बारीक गोष्ट तिथे नोंदवली जाते. कधी आम्ही मुद्दाम काही करत नाही, बरणी घट्ट बंद करून देतो आणि गप्प बसतो. तेव्हा 'अगं, उघडून मागायला सांग ना' असं कुजबुजू नका. तुमचे हात शिवशिवतील, माहीत आहे.

काही ठिकाणी कार्स ही मोजपट्टी वापरतात. तीत पंधरा मुद्दे, प्रत्येकाला एक ते चार गुण, आणि तीस किंवा वर आले तर ऑटिझमचा विचार करतात. पालकांची सविस्तर मुलाखत होते. एडीआय-आर ही मुलाखत असेल तर ९३ मुद्दे असतात आणि दोन तास सहज जातात, म्हणून मुलाला सांभाळायला तिसरं माणूस आणा. भाषेची चाचणी वेगळी: किती समजतं, किती बोलतं, उच्चार, तोंडाच्या हालचाली. समज आणि बोलणं यांतली दरी बघणं महत्त्वाचं असतं.

कोणत्याही एका चाचणीचा आकडा निदान ठरवत नाही. सगळं जोडून अनुभवी माणसं ठरवतात.

तिथे तो नुसता रडला आणि दाराला चिकटून बसला तर?

तर आम्ही दाराशी जाऊन बसतो. हे नेहमीचं आहे. कसा शांत झाला, कोणाकडे गेला, कशानं गेला, हीसुद्धा माहितीच. एवढंच विचारतो, घरी तो असाच असतो का? 'नाही, आज वेगळाच वागतोय' असं असेल तर स्पष्ट सांगा, नाहीतर तो दिवस त्याच्या नावावर लागतो. गरज पडली तर दुसरी तारीख मागा. लाजू नका.

आम्ही घरी दोन-तीन भाषा बोलतो. त्यामुळे गोंधळला असेल का? एकच ठेवू?

नाही. दोन भाषांमुळे भाषेचा दोष होत नाही, ऑटिझमही होत नाही, आणि ऑटिझम असलेली मुलंही दोन भाषा शिकतात. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजा. ज्या भाषेत तुम्ही लाडानं बोलता, रागावता, अंगाई म्हणता, तीच ठेवा. आईनं आपली भाषा सोडून मोडक्यातोडक्या परक्या भाषेत मुलाशी बोलायचं, हा सल्ला मी ऐकला आहे आणि दर वेळी वाईट वाटलं आहे. घरात आजी एका बाजूला मुकी होऊन बसते, आणि मुलाशी बोलणारं एक माणूस कमी होतं. तपासणीला मात्र तुमची भाषा जाणणारी व्यक्ती असेल का, ते आधी विचारा.

मोबाइल दिल्यामुळे झालं का?

हा प्रश्न विचारताना आईचा आवाज खाली जातो. ऑटिझम स्क्रीनमुळे होत नाही. त्याची मुळं बरीचशी जनुकांत आणि मेंदूच्या जन्माआधीच्या घडणीत आहेत. 'व्हर्च्युअल ऑटिझम' हा शब्द समाजमाध्यमांवर फिरतो, पण ते मान्यताप्राप्त निदान नाही. तरी स्क्रीन कमी कराच, कारण तो वेळ बोलण्या-खेळण्यातून जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखाली स्क्रीनसमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको.

बरं, आईच्या थंड वागण्यामुळे ऑटिझम होतो असं एके काळी तज्ज्ञच म्हणत. ते खोटं ठरून अर्धं शतक उलटलं. अपराधीपण घरातून अजून गेलेलं नाही.

आणि लसीमुळे?

नाही. लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा, बारा मुलांवरचा जो लेख १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं छापला होता, तो त्याच नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा पाठपुरावा करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा आणि ऑटिझमचा संबंध दिसला नाही. उरलेल्या लसी देऊन टाका.

जिभेखालचा पडदा कापला की बोलेल का?

पडदा आखूड असेल तर काही उच्चारांना त्रास होऊ शकतो. पण शब्दच न येणं, हाकेला न वळणं याचं कारण जिभेखाली नसतं.

रक्त तपासून किंवा एमआरआय काढून कळत नाही का?

नाही. ऑटिझम वागण्यावरूनच ओळखतात. जनुकीय तपासण्या कारण शोधायला, आणि फिट येत असल्याची शंका असेल तर ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद), असं डॉक्टर सुचवतात. ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असतं.

दोन वर्षांच्या मुलाचं निदान पक्कं असतं का?

अनुभवी तज्ज्ञानं दोन वर्षांच्या सुमारास केलेलं निदान बहुतेकदा पुढेही टिकतं. कधी 'आत्ता ठामपणे सांगता येत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू' असं उत्तर येतं. ते टाळाटाळ नसून प्रामाणिक उत्तर असू शकतं, मात्र त्या सहा महिन्यांत काय करायचं ते लिहून मागा. मुलींच्या बाबतीत विशेष सावध राहा. शांत, लाजाळू, दुसऱ्या मुलींचं बघून बघून वागणारी मुलगी सहज सुटून जाते.

मोठ्या भावंडाला ऑटिझम असेल तर तेही सांगा. धाकट्या भावंडांपैकी साधारण पाचातल्या एकाला तो असल्याचं मोठ्या अभ्यासांत आढळलं आहे.

तारीख चार महिन्यांनी आहे. तोवर थांबायचं?

अजिबात नाही. बोलण्याची मदत सुरू करायला निदानाचा कागद लागत नाही. श्रवणचाचणी उरका, स्पीच थेरपी सुरू करा. घरी त्याच्या उंचीवर, जमिनीवर बसा. तो करतोय ते करा, एका-दोन शब्दांत त्याला नाव द्या, आणि मग गप्प राहून दहा आकडे मोजा. 'हे काय? ते काय?' ही परीक्षा बंद. चित्रं किंवा खुणा वापरायला शिकवल्या तर तो बोलणारच नाही ही भीती सोडा. अभ्यासांमध्ये तसं आढळलेलं नाही, अनेकांचं बोलणं त्यानं वाढलं आहे.

घरातल्यांना मान्य नाही. तपासणीला कोण यावं?

ज्याला मान्य नाही त्यालाच आणा. आजोबांना 'काही झालेलं नाही' वाटत असेल तर त्यांची निरीक्षणंही खरी असतात, कदाचित त्यांच्याजवळ मूल खरंच खुलत असेल. आईबाबांची उत्तरं जुळली नाहीत तरी तिथे भांडू नका, दोन्ही सांगा. एक विनंती: मुलासमोर 'याला काहीच येत नाही' असं बोलू नका. बोलता न येणाऱ्या मुलालाही पुष्कळ कळत असतं. अवघड बोलायचं असेल तर आम्हाला खूण करा, कोणीतरी त्याला बाहेर खेळवेल.

रिपोर्ट हातात आल्यावर काय विचारू?

'लेव्हल' लिहिली असेल तर ती आज किती आधार लागतो हे सांगते: पहिली म्हणजे आधार लागतो, दुसरी म्हणजे बराच, तिसरी म्हणजे फार मोठा. ती हुशारीची पायरी नाही, आणि बदलू शकते. मग विचारा: समज किती वर्षांची आली? पहिल्या तीन महिन्यांत कोणत्या दोन-तीन गोष्टींवर काम करायचं? घरी आम्ही काय करायचं? प्रगती झाली हे कशावरून ओळखायचं? पुन्हा कधी पाहायचं? त्या दिवशी निम्मं ऐकूच येत नाही, म्हणून लिहून घ्या किंवा विचारून रेकॉर्ड करा. आठवड्यानं पुन्हा अर्धा तास मागा, खरे प्रश्न तेव्हा सुचतात.

'बरं होईल' अशी हमी देऊन महागडा उपाय विकणारे याच आठवड्यात भेटतात. त्यांना 'घरी गेल्यावर फोन करतो' म्हणा.

तो बोलेल ना?

याचं उत्तर कोणीही एका तपासणीवरून देऊ शकत नाही. पण चार वर्षांपर्यंत वाक्यं आली नाहीत म्हणजे दार बंद झालं, हे चूक आहे. चार वर्षांच्या वयात भाषेत खूप मागे असलेल्या, ऑटिझमचं निदान झालेल्या ५३५ मुलांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली सुमारे ७० टक्के आठ वर्षांची होईपर्यंत निदान शब्द जोडून बोलायला लागली होती, आणि जवळपास निम्मी सफाईनं. उरलेल्यांसाठी चित्रं, खुणा, बोलणारी टॅबलेटची पाटी आहे, आणि तेही बोलणंच आहे.

नेमका त्या दिवशी ताप आला तर?

फोन करा आणि तारीख पुढे ढकला. तापलेल्या, नाक चोंदलेल्या मुलाची ना श्रवणचाचणी धड होते, ना खेळणं. फक्त फोन ठेवण्याआधी नवी तारीख घ्या, 'नंतर कळवतो' म्हणून सोडू नका.